साठ गुणिले पन्नास आणि हरवलेली खोली

मामांनी टेप गुंडाळून पिशवीत टाकला आणि हिशेब सांगितला, "लांबी साठ, रुंदी पन्नास. तीन हजार स्क्वेअर फूट. समोरासमोरच्या बाजू मोजल्या, सारख्या भरल्या. आता यात बघायचं राहिलं काय?"

चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावी रस्त्याकडेचा एक प्लॉट ते घेणार होते. रस्ता गावात जरा तिरका शिरतो, म्हणून प्लॉटही जरा तिरका. मधे बाभळी आणि काटेरी झुडपं माजलेली, त्यामुळे सगळा प्लॉट एका नजरेत कधी दिसायचाच नाही. चार कोपऱ्यांना चार दगड आणि कडेनं फिरवलेला टेप, एवढ्यावर सौदा ठरत आला होता.

मामांचा गुणाकार बरोबर होता. उत्तर मात्र १२० चौरस फुटांनी चुकलं होतं, म्हणजे दहा बाय बाराची एक अख्खी खोली. ती खोली गेली कुठे हे समजायचं तर चौरसापासून सुरुवात करावी लागते, आणि तीही शाळेत केली त्याहून जरा सावकाश.

फरशीवाल्याचा हिशेब

त्याच दहा बाय बाराच्या खोलीत दोन बाय दोनच्या फरश्या बसवायच्या आहेत असं समजा. दहा फुटी भिंतीलगत एका ओळीत ५ फरश्या बसतात आणि बारा फुटांत अशा ६ ओळी. पाच सक तीस. फरशीवाला "तीस नग" म्हणतो तेव्हा त्यानं क्षेत्रफळच काढलेलं असतं, फक्त त्याचं माप दोन फुटी फरशीचं. फरशी एक बाय एकची असती तर दहा-दहाच्या बारा ओळी झाल्या असत्या, म्हणजे १२० फरश्या. त्यालाच आपण १२० चौरस फूट म्हणतो.

क्षेत्रफळ म्हणजे एवढंच: एका ठरावीक मापाचे चौरस त्या जागेत किती मावतात. "लांबी गुणिले रुंदी" हा एकेक फरशी मोजत बसण्याचा कंटाळा वाचवणारा उपाय आहे. पण त्याला एक अट आहे. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या हव्यात, आणि एकीला लागून दुसरी अशा सरळ, न सरकता बसायला हव्यात. कोपरा काटकोनात असेल तरच हे जमतं. शाळेच्या वहीतले आयत सगळे काटकोनातच असतात, त्यामुळे ही अट आपल्या डोक्यातून निघून जाते. जमिनीला वहीशी देणंघेणं नसतं.

चौरसाला तर एकच बाजू मोजली की झालं: बाजूचा बाजूशी गुणाकार, म्हणजे वर्ग. इथेच पहिली फसगत होते. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ दुप्पट होईल असं मन म्हणतं. दारात दोन फूट चौरस गालिचा-रांगोळी काढणाऱ्या बाईला विचारा. चार फुटांची काढायला घेतली तर रंग दुप्पट नाही, चौपट लागतो. कारण ओळीही दुप्पट झाल्या आणि प्रत्येक ओळीतली घरंही दुप्पट झाली.

आता एक भाषेची गोम. "तीन चौरस फूट" आणि "तीन फूट चौरस" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन चौरस फूट म्हणजे एक फुटी तीन फरश्या. तीन फूट चौरस म्हणजे तीन बाय तीनचा तुकडा, नऊ फरश्यांचा. जुन्या मराठीत दुसऱ्यासाठी "औरसचौरस" असा नेमका शब्द होता. तो आपण जवळजवळ टाकून दिला, याचं मला वाईट वाटतं. तेहतीस फूट औरसचौरस म्हटलं की गुंठाभर जमीन डोळ्यांपुढे येते. तेहतीस चौरस फुटांत जेमतेम न्हाणीघर होईल.

मीटरचे फूट करतानाही हीच चूक होते, आणि शिकलेले लोकही करतात. चार बाय पाच मीटरचा हॉल म्हणजे २० चौरस मीटर. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून २० ला ३.२८ नं गुणलं की उत्तर ६५.६ चौरस फूट येतं. हॉल एवढासा कसा झाला? कारण एक चौरस मीटर म्हणजे ३.२८ फुटांच्या ३.२८ ओळी. गुणायचं ते १०.७६ नं. खरा हॉल सुमारे २१५ चौरस फुटांचा आहे.

तेहतीसच का?

मराठी माणसाच्या तोंडी जमिनीचं माप येतं ते गुंठ्यात. ३३ फूट औरसचौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. हा तेहतीसचा आकडा आला कुठून असं विचारलं तर बहुतेक जण खांदे उडवतात.

तो आला लोखंडी साखळीतून. इंग्लंडमध्ये एडमंड गंटर नावाच्या गणित्यानं १६२० मध्ये जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी बेतली. ६६ हा आकडा विचित्र दिसतो, पण १० चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर होतो, म्हणजे हिशेब दशांशात. मुंबई इलाख्यात मोजणीसाठी वापरली ती हिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग केले आपल्या सवयीचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा. म्हणजे बाजू साखळीत मोजल्या की उत्तर आपोआप गुंठ्यांत येतं. ही सोय लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याआधीही इथे मोजणी होतीच. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्यांचं एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर. हा हिशेब जरा न्याहाळा. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तुकड्यात ४०० चौरस काठ्या होतात, तोच बिघा. आणि पांड म्हणजे त्यातली एक काठी रुंदीची लांबच लांब पट्टी. फरशीवाल्याची एक ओळ म्हणा ना!

आजच्या सातबाऱ्यावर ना काठी ना साखळी, तिथे हेक्टर आणि आर. दहा मीटर औरसचौरस म्हणजे एक आर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. दोघे इतके जवळ आहेत की गावात सर्रास एकाला दुसरा म्हणतात. शेतात चालून जातं. पण एक एकर म्हणजे ४० आर नाही, जवळपास ४० आर ४७ चौरस मीटर. वरच्या ४७ चौरस मीटरचे पाचशे चौरस फूट होतात. गावठाणाला लागून जमीन असेल तर पाचशे फुटांवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात.

काडेपेटी आणि पत्त्यांचा कॅट

आता मामांचा प्लॉट. समोरासमोरच्या बाजू सारख्या होत्या, साठ-साठ आणि पन्नास-पन्नास. मग चुकलं कुठे?

घरात काडेपेटी असेल तर आतला ड्रॉवर काढून बाहेरचं खोकं हातात घ्या. उभं धरलं की त्याचं तोंड आयत दिसतं. आता एका कोपऱ्यावर हलकेच दाबा. खोकं कलतं, तोंड तिरकं होतं. आणखी दाबा, आणखी कलतं. शेवटी पार चपटं होऊन आतली जागाच उरत नाही. या सगळ्यात चारही बाजूंची लांबी तसूभरही बदललेली नाही. बाजू त्याच, समोरासमोरच्या सारख्या त्याही तशाच, आणि क्षेत्रफळ पूर्ण आयतापासून शून्यापर्यंत कितीही.

म्हणजे साठ-पन्नास-साठ-पन्नास या चार आकड्यांवरून प्लॉट ३,००० चौरस फुटांचा असू शकतो, २,४०० चा असू शकतो किंवा ३०० चाही. टेपनं कडा मोजल्या; प्लॉट किती कललेला आहे हे त्या चार आकड्यांत कुठेच नाही.

यालाच जोडून दुसरी समजूत: कुंपण सारखं तर जमीन सारखी. १२० फूट तार घ्या. तीस-तीसचा चौरस केला तर ९०० चौरस फूट. चाळीस-वीसचा आयत केला तर ८००. पन्नास-दहा केला तर ५००. तार तेवढीच. परिमिती हा कडेचा हिशेब आहे आणि क्षेत्रफळ आतला. एकीवरून दुसरं सांगता येत नाही. वाटण्या होताना एका भावाला लांबुळका पट्टा येतो तेव्हा कुंपणाचा खर्च त्याला जास्त आणि पीक तेवढंच, ते यामुळेच.

काडेपेटी बाजूला ठेवा आणि पत्त्यांचा कॅट घ्या. बावन्न पानं नीट रचून टेबलावर ठेवली की बाजूनं आयत दिसतो. तळहातानं कॅट तिरका सरकवा. आता बाजूनं दिसतो तो समांतरभुज चौकोन. पानं तेवढीच, एकही कमी-जास्त नाही, म्हणून बाजूनं दिसणारी जागाही तेवढीच. तळाची लांबी तीच, उंची तीच. बदलली ती तिरकी कड, ती लांब झाली.

दोन्ही खेळ मी मामांना त्यांच्याच ओट्यावर करून दाखवले, कारण सगळी मेख यांच्यात आहे. काडेपेटीत बाजू कायम राहिली आणि क्षेत्रफळ घटलं. पत्त्यांत क्षेत्रफळ कायम राहिलं आणि बाजू वाढली. म्हणजे क्षेत्रफळ तिरक्या बाजूवर ठरतच नाही. ते ठरतं पाया आणि उंची यांवर. आणि उंची म्हणजे पायापासून समोरच्या बाजूपर्यंतचं सरळ, काटकोनातलं अंतर. शाळेत त्याला लंब म्हणायचो. मामांनी पन्नास मोजले ते तिरकं अंतर होतं. लंब भरला ४८. साठ गुणिले अठ्ठेचाळीस, २,८८०.

त्रिकोणापासून भाकरीपर्यंत

पाया आणि लंब हे दोन शब्द पटले की बाकीचे आकार पटापट उलगडतात. समांतरभुज चौकोन एका कर्णावर कापला की दोन सारखे त्रिकोण होतात, म्हणून त्रिकोण म्हणजे पाया गुणिले लंबाचा निम्मा. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये अर्ध्या श्लोकात हेच सांगितलं: पायाचा अर्धा गुणिले लंब.

समलंब चौकोनात दोन बाजू समांतर पण कमी-जास्त लांबीच्या असतात. तसाच दुसरा तुकडा उलटा करून शेजारी लावला की समांतरभुज चौकोन तयार होतो. म्हणून समांतर बाजूंची सरासरी गुणिले त्यांच्यातलं काटकोनी अंतर. सरासरी इथे चालते. पण लोकांना सरासरी तेवढी लक्षात राहते, "समांतर" आणि "काटकोनी" हे दोन शब्द गळून पडतात, आणि मग गावोगाव तो हिशेब सुरू होतो: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करा.

वर्तुळही त्रिकोणातूनच निघतं. भाकरीचे मध्यापासून कडेपर्यंत खूप बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकडा जवळजवळ त्रिकोण. त्याचा पाया म्हणजे कडेचा इवलासा भाग, लंब म्हणजे त्रिज्या. सगळ्या तुकड्यांचे पाये जोडले की पूर्ण परीघ. म्हणून भाकरीचं क्षेत्रफळ अर्धा परीघ गुणिले त्रिज्या. आर्यभटाचं वाक्य तंतोतंत असंच आहे, अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास. आपण शाळेत "पाय आर वर्ग" पाठ केलं ते याचंच दुसरं रूप. सात फूट त्रिज्येची विहीर घ्या. परीघ सुमारे ४४ फूट, त्याचे अर्धे २२, गुणिले ७, म्हणजे १५४ चौरस फूट. विहिरीच्या आत उतरून व्यास मोजायची गरजही नाही. काठाभोवती दोरी फिरवली तरी पुरतं, कारण परिघावरून त्रिज्या काढता येते. आकारांमध्ये वर्तुळ हा एकटा प्रामाणिक गडी: एकच माप दिलं की क्षेत्रफळ पक्कं सांगतो. चौरसालाही हे जमतं, पण आधी तो खरोखर चौरस आहे याची खात्री करून घ्यावी लागते.

टिपण आणि गुणाकार बुक

शेताला कधी पाच कोपरे असतात, कधी अकरा. ते कसं मोजायचं? एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीवाल्यांनी यावर काढलेली रीत मला आजही सुंदर वाटते. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्यानं मोजणी हाती घेतली आणि पुढे तिची पद्धत इलाखाभर पसरली. भूमी अभिलेखाच्या जुन्या कागदांत "टिपण" म्हणून जे हाती काढलेलं रेखाटन मिळतं ते त्याच परंपरेतलं.

शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळीनं सरळ रेघ धरायची. त्या रेघेवरून चालत जायचं. हातात शंकू, म्हणजे काठीवर काटकोनात खाचा असलेलं साधं लाकडी साधन. एका खाचेतून रेघेकडे बघायचं आणि दुसरीतून शेताच्या कोपऱ्याकडे. कोपरा नेमका खाचेत दिसला की थांबायचं: इथून कोपऱ्यापर्यंतचं अंतर हाच लंब. रेघेवर किती साखळ्या आलो आणि लंब किती साखळ्यांचा, हे दोन आकडे टिपायचे आणि पुढे चालायचं. शेत कितीही वेडंवाकडं असो, रेघ आणि लंब मिळून त्याचे फक्त त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात.

एक उदाहरण करून बघू. रेघ ६ साखळ्यांची. तिच्या डाव्या बाजूला एकच कोपरा, लंब २ साखळ्या. तो त्रिकोण: सहा दुणे बारा, त्याचे निम्मे ६. उजव्या बाजूला दोन कोपरे. पहिला १ साखळीवर, लंब १. दुसरा ४ साखळ्यांवर, लंब २. सुरुवातीचा त्रिकोण अर्धा. मधला समलंब चौकोन: एक आणि दोनची सरासरी दीड, गुणिले मधलं अंतर तीन, साडेचार. शेवटचा त्रिकोण: पाया २, लंब २, म्हणजे २. उजवी बाजू ७, डावी ६. एकूण १३. तेरा काय? तेरा गुंठे. साखळीत मोजल्याचा फायदा हा असा. १,०८९ नं भागायची भानगडच नाही.

हे गुणाकार जिथे मांडत त्या वहीला नाव होतं "गुणाकार बुक". इतकं सरळ नाव सरकारी दप्तरात दुसरं सापडणार नाही.

पिशाच

समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरीचा हिशेब आमच्याच गावचा आहे असं समजू नका. इजिप्तमध्ये एडफूच्या होरसच्या देवळात टॉलेमी राजांच्या काळातली देवस्थानच्या जमिनींची यादी भिंतीवर कोरलेली आहे, तिथली क्षेत्रफळं याच रीतीनं काढलेली आहेत. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये ही रीत दिली, पण तिला स्पष्ट शब्दांत "स्थूल" म्हटलं, म्हणजे ढोबळ. सोबत त्यानं बारीक सूत्रही दिलं. चारही बाजूंच्या बेरजेचा निम्मा घ्या, त्यातून एकेक बाजू वजा करा, चारही उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. हे सूत्र अचूक आहे, पण ते चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येत असतील तेव्हाच. एरवी ते त्या चार बाजूंनी जास्तीत जास्त किती जागा वेढता येईल तेवढं सांगतं. मामांच्या प्लॉटचे आकडे त्यात घातले तर ३,००० च येतात, म्हणजे काडेपेटी सरळ उभी असतानाचं उत्तर.

यावर सगळ्यात खणखणीत बोलला तो भास्कराचार्य. लीलावती ११५० मधली, आणि भास्कराचार्याशी आमच्या तालुक्याचं नातं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्याच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याची ती नोंद, १२०७ च्या सुमाराची. तर लीलावतीत भास्कराचार्य म्हणतो की चार बाजू त्याच राहून चौकोनाचे कर्ण बदलू शकतात, म्हणून क्षेत्रफळही बदलतं. एखादा लंब किंवा एखादा कर्ण न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो ते सांगायला बसतो तो त्याहून मोठा पिशाच.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "म्हणजे विकणारा अर्धा पिशाच आणि मी पूर्ण?"

या रीतीत एक खोड आहे, ती व्यवहारात फार महत्त्वाची. ढोबळ हिशेब कधी जास्त, कधी कमी चुकला तर गोष्ट वेगळी. हा नेहमी एकाच बाजूला चुकतो. कारण साधं आहे. दोन बाजू ठरलेल्या असतील तर त्यांचा त्रिकोण सगळ्यात मोठा कधी होतो? त्या काटकोनात असताना. जरा कलल्या की लहानच होणार. चौकोन कर्णावर कापला की असेच दोन त्रिकोण, आणि दोन्ही काटकोनात आहेत असं हा हिशेब गृहीत धरतो. म्हणून सरासरीच्या रीतीनं आलेलं क्षेत्र खऱ्यापेक्षा जास्त येतं. फार तर बरोबर येतं, तेही चारही कोपरे काटकोनात असतील तरच. कमी कधीच येत नाही. विकणारा आणि सारा वसूल करणारा या दोघांनाही हे सोयीचं होतं. घेणाऱ्याला नव्हतं.

पाच मिनिटांचं काम

गवंड्याला हे सगळं माहीत असतं, फक्त तो वेगळ्या शब्दांत बोलतो. पाया आखताना "कोन गुण्यात आहे का" हे तो आधी बघतो. हातातला लोखंडी गुण्या लहान पडतो म्हणून दोरी घेतो. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं की कोन काटकोन. मामांच्या प्लॉटच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावर ते अंतर भरलं सव्वाचार फुटांहून किंचित जास्त. तिथेच खरं तर गोष्ट संपली होती.

पण मामांना आकडा हवा होता. म्हणून झुडपं तोडून दोन्ही कर्ण मोजले. आयत असता तर दोन्ही ७८ फुटांच्या आसपास भरायला हवे होते. एक भरला ८८ फूट २ इंच, दुसरा ६६ फूट ६ इंच. चारही कडा कितीही बरोबर जुळल्या तरी कर्ण असे बावीस फुटांचा फरक दाखवतात तेव्हा जागा कललेली आहे, यात वाद नाही.

एक कर्ण मिळाला की लंब शोधायचीही गरज नाही. प्लॉटचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाच्या तीन बाजू काडेपेटीसारख्या कलत नाहीत. तीन बाजूंचा त्रिकोण एकच होतो, म्हणून तीन बाजूंवरून त्याचं क्षेत्रफळ पक्कं निघतं. मोबाईलवर केलेला हिशेब असा: बाजू ६०, ५० आणि ६६.५. बेरजेचा निम्मा ८८.२५. त्यातून एकेक बाजू वजा केली, २८.२५, ३८.२५, २१.७५. या चारही आकड्यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ: १,४४० आणि वर थोडंसं. दुसरा त्रिकोणही तेवढाच. दुप्पट २,८८०.

फुटाला हजार रुपये धरले तर फरक १ लाख २० हजारांचा. मोजायला टेप एक, माणसं दोन आणि वेळ पाच मिनिटं. झुडपं तोडायला लागला तो वेगळा.

शहरातल्या वाचकांचा प्लॉटशी संबंध नसेल, फ्लॅटशी असेल. तिथे खोली हरवते ती दुसऱ्या वाटेनं. आकार काटकोनातच असतो, पण काय मोजलं त्यात गोम असते. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. सुपर बिल्टअपमध्ये जिना आणि लॉबीचा वाटाही घातलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी कार्पेटची तुलना करणं म्हणजे आर आणि एकर एकमेकांतून वजा करणं. टेप घेऊन खोल्या स्वतः मोजाव्यात, आणि कोपऱ्यात तीन-चार-पाच करून बघावं. नवीन इमारतीतही एखादा कोपरा गुण्यात नसतो. ओट्याखाली कपाट बसवायला सुतार येतो तेव्हा कळतं.

विकणाऱ्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं की वाद होईल. तो म्हातारा माणूस मामांचा कागद बराच वेळ बघत राहिला. फसवलं म्हणावं तर त्यानं स्वतःच तो प्लॉट वीस वर्षांपूर्वी याच हिशेबानं विकत घेतला होता, साठ गुणिले पन्नास, रोख मोजून. पैसे कमी करायला तो तयार झाला. मग मामांना म्हणाला, "टेप आजच्या दिवस माझ्याकडे राहू द्या. मळ्याकडचा तुकडाही असाच तिरका आहे."